एक्तोर लावो : आधी गळा, मग गोष्ट

माळरान

न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात मी सहा वर्षं काढली. जॅक्सन हाइट्सला ७४ व्या रस्त्यावर आपल्या लोकांची दुकानं आहेत. मेथी, कढीपत्ता, पोहे, सगळं मिळतं. तिथून दोन मिनिटं चाललं की रूझवेल्ट अव्हेन्यू लागतो. वरच्या लोखंडी पुलावरून ७ नंबरची गाडी धडधडत जाते आणि खाली कोलंबिया, इक्वेडोर, पेरू, मेक्सिकोकडच्या लोकांची दुकानं. त्यातल्या एका न्हाव्याकडे मी केस कापायला जायचो. रेडिओ दिवसभर चालू. एका शनिवारी माझं अर्धं डोकं झालं होतं आणि एक गाणं लागलं. न्हाव्याने वर उचललेली कात्री तशीच धरून ठेवली. बाकावरचे दोघं, शेजारच्या खुर्चीतला म्हातारा, दाराशी उभा असलेला पोरगा, सगळ्यांनी एकदम कोरसची ओळ म्हटली आणि पुढच्या ओळीला सगळे गप्प झाले. ती ओळ गायकाची होती. परत कोरस, परत गप्प. असं दोन-तीन मिनिटं चाललं, मग कात्री पुन्हा सुरू झाली. मी विचारलं, कोण गातंय? न्हावी म्हणाला, "एक्तोर." आडनाव सांगायची त्याला गरज वाटली नाही.

एक्तोर लावो, साल्सा गाणारा. (स्पॅनिशमध्ये सुरुवातीचा 'ह' बोलत नाहीत, म्हणून हेक्टर नव्हे.) खरं नाव एक्तोर हुआन पेरेझ मार्तिनेझ. जन्म ३० सप्टेंबर १९४६, कॅरिबियन समुद्रातल्या पोर्तो रिको बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या पोन्से शहरी. वडील गिटार वाजवायचे, आई गायची, आणि तो अगदी लहान असताना आई गेली. आजोबा 'कोंत्रोबेर्सिया'त गाणारे. हा शब्द लक्षात ठेवा, खाली त्यावर बोलायचंच आहे. पोन्सेच्या संगीतशाळेत तो आधी सॅक्सोफोन शिकला, पण ओढा गाण्याकडे. रेडिओवर चुइतो, रामितो यांच्यासारखे डोंगराळ भागातले शेतकरी-गायक लागायचे, त्यांची नक्कल करत तो मोठा झाला.

१९६३ च्या मे महिन्यात, सतरावंही पूर्ण झालेलं नसताना, तो न्यूयॉर्कला बहिणीकडे निघाला. वडिलांचा साफ विरोध होता. थोरला मुलगा त्याच शहरात अमली पदार्थांपायी गेला होता, आता दुसरा तिकडेच चाललेला. हा ऐकला नाही, आणि बापलेकांमधला अबोला वर्षानुवर्षं टिकला.

न्यूयॉर्कला आल्याआल्या मित्राबरोबर तो एका छोट्या बँडच्या तालमीला गेला. त्यांचा गायक बेसूर होतोय हे त्याच्या कानाला खटकलं. हे असं गायचं, म्हणून दाखवायला उठला आणि ती जागा त्यालाच मिळाली. 'लावो' हे नावही याच काळातलं. 'ला बोस' म्हणजे 'आवाज'. फेलिपे रोद्रिगेझ नावाच्या आधीच्या गायकाला ही पदवी होती, तिच्यावरून हे बेतलं.

१९६७ मध्ये तबकड्या काढणाऱ्या फानिया कंपनीच्या जॉनी पाचेकोने त्याची गाठ विली कोलोनशी घालून दिली. कोलोन ब्राँक्समध्ये जन्मलेला, सतरा वर्षांचा, ट्रॉम्बोन (सरकत्या नळीचं पितळी वाद्य) वाजवणारा पोरगा. त्याच्या बँडचा आवाज ओबडधोबड. ट्रम्पेटची चकाकी नाही, ट्रॉम्बोनची गुरगुर. 'एल मालो' ही त्यांची पहिली तबकडी आली तेव्हा जाणत्या वादकांनी पोरांचा बँड म्हणून नाकं मुरडली. पण रस्त्यावरच्या पोरांना तोच आवाज आपला वाटला. पुढची सहा-सात वर्षं दोघांनी एकामागून एक तबकड्या काढल्या. 'कोसा नुएस्त्रा', 'ला ग्रान फुगा', 'एल हुइसियो', 'लो मातो'. कव्हरांवर गुंडांचा थाट. एका कव्हरवर तर पोलिसांनी लावतात तसं 'फरारी, शोध चालू आहे' असं पत्रक, कोलोनच्या फोटोसकट. आत मात्र घानातल्या मुलांच्या खेळगाण्यावर बांधलेलं 'चे चे कोले', पोर्तो रिकोतलं नाताळचं गाणं, क्यूबाचा ग्वाग्वांको (रुंबाचा एक प्रकार) असं काय काय.

मला धागा काढावासा वाटला याचं कारण वेगळं आहे. एक्तोरबद्दल शोधायला गेलं की व्यसन, उशिरा येणं, मुलाचा मृत्यू, गच्चीवरून उडी, एड्स एवढंच समोर येतं. सगळं खरं आहे. पण रूझवेल्ट अव्हेन्यूवरची ती माणसं कात्री धरून थांबली ती त्याच्या हालअपेष्टांसाठी नव्हे. हा माणूस गाताना नक्की काय करायचा, त्यावर इथे बोलू या. गाणं-बजावणं करणाऱ्या मंडळींनी जरूर लिहा.

निळी_शाई

छान ओळख. वाचतेय. एक बाळबोध प्रश्न. साल्सा म्हणजे नाच ना? की गाण्याचा प्रकार? की सॉस?

पुणेरी_पावलं

निळी_शाई, तिन्ही. शब्दाचा मूळ अर्थ सॉसच. मी कोथरूडला चार वर्षं साल्सा शिकलो, तिथे आम्हाला नाच म्हणूनच माहीत. पण गाणं आधीचं. गाभा क्यूबाचा, 'सोन' नावाच्या प्रकाराचा. त्यात पोर्तो रिकोचे बोंबा, प्लेना हे लोकसंगीताचे प्रकार मिसळले, न्यूयॉर्कमधला जॅझ मिसळला. १९७० च्या आसपास फानियाने या सगळ्यावर 'साल्सा' ही चिठ्ठी डकवली आणि ती खपली. तितो पुएन्तेसारख्या ज्येष्ठ वादकांना हा शब्द कधीच आवडला नाही. आपण तेच जुनं क्यूबन संगीत वाजवतोय, असं त्यांचं म्हणणं.

लावोची गाणी आमच्या क्लासमध्ये कमी लागायची. नवशिक्याला पाऊल पकडायला अवघड जातात.

माळरान

पुणेरी_पावलं, अगदी बरोबर. पाऊल पकडायला अवघड जातं, कारण तो ठेक्यावर बसून गात नाही. आधी किंवा नंतर येतो. यावर सविस्तर लिहितो.

साल्सात 'क्लावे' असते. क्लावे म्हणजे किल्ली. दोन लाकडी दांडक्या एकमेकींवर आपटून वाजवतात. ज्यांना तबला कळतो त्यांनी तीनतालासारख्या सोळा मात्रा जलद मोजाव्यात आणि १, ४, ७, ११, १३ या मात्रांवर टाळी द्यावी. पहिल्या अर्ध्यात तीन टाळ्या, दुसऱ्यात दोन. हीच उलटीही चालते, आधी दोन मग तीन, म्हणजे ३, ५, ९, १२, १५. एकदा गाण्याची बाजू ठरली की ट्रॉम्बोन, पियानो, काँगा (उंच ढोल), गायक, सगळ्यांनी ती पाळायची. क्लावे प्रत्यक्ष कोणी वाजवत नसलं तरी मनात चालू असते. तिच्या विरुद्ध बाजूला पडलं की जाणकार लगेच तोंड वाकडं करतात.

गाण्याचे दोन भाग. पहिल्यात लिहिलेलं गाणं, चालीत, शब्द ठरलेले. दुसरा 'मोंतुनो'. यात कोरस एकच ओळ परत परत म्हणतो आणि दोन कोरसांच्या मधल्या रिकाम्या जागेत गायक आयत्या वेळी ओळ रचून टाकतो. त्या ओळीला 'सोनेओ' म्हणतात आणि ती टाकणारा तो 'सोनेरो'. जागा चार ओळींची, कधी दोनच. यमक जुळलं पाहिजे, अर्थ लागला पाहिजे, क्लावे सुटता कामा नये आणि कोरस यायच्या आत श्वास घेता आला पाहिजे. एक्तोर हे सगळं गप्पा मारल्यासारखं करायचा. पुढच्या रांगेतल्या कोणाला नावाने हाक मारायचा, वादकाची थट्टा करायचा, बोलताबोलता ओळ अशी लांबवायचा की वाटावं आता कोरसवर आदळणार. आणि शेवटचा शब्द नेमका दाराच्या फटीतून आत सरकवल्यासारखा बसवायचा.

टाळकरी

माळरान, अहो हे तर भजनच झालं! बुवा पद उचलतात, आम्ही धृपद धरून ठेवतो, मधल्या जागेत बुवा शब्द फिरवतात. आमच्या मंडळात जुने बुवा होते, ते समोर बसलेल्याचं नाव अभंगाच्या मध्ये गुंफायचे. नाव आलं की तो माणूस सावरून बसायचा.

ते आजोबांचं काय ते सांगा. शब्द लक्षात ठेवा म्हणालात.

माळरान

टाळकरी, तुमच्यासाठीच राखून ठेवलं होतं.

पोर्तो रिकोच्या डोंगरातल्या शेतकऱ्यांना 'हीबारो' म्हणतात. त्यांच्यात 'देसिमा' गायची पद्धत आहे. दहा ओळींचं कडवं, प्रत्येक ओळीत आठ अक्षरं. दोन गायक समोरासमोर बसतात आणि एकमेकांना देसिमात उत्तरं देतात, ती कोंत्रोबेर्सिया. आपला कलगीतुराच. बऱ्याचदा शेवटची ओळ समोरचा देतो आणि गायकाने वरच्या नऊ ओळी जागच्या जागी रचत बरोबर त्या ओळीवर येऊन थांबायचं. आपल्याकडे याला समस्यापूर्ती म्हणतात. एक्तोरचे आजोबा हुआन मार्तिनेझ या सामन्यांमध्ये गाणारे होते.

न्यूयॉर्कमध्ये इतरही सोनेरो होते. इस्माएल रिवेरा तर 'सोनेरो मायोर', थोरला सोनेरो म्हणून ओळखला जातो आणि एक्तोरने त्याच्याकडून पुष्कळ उचललं. पण एक्तोरच्या आवाजात डोंगरातला तो हेल शेवटपर्यंत राहिला. नाकातून येणारा, पातळ, थोडा चिरका. आवाज मोठा नव्हताच. शब्द इतके स्वच्छ की ट्रॉम्बोनच्या गदारोळातही एकेक अक्षर वेगळं ऐकू येतं. शहरात येऊन राहिलेल्या लाखो पोर्तो रिकन लोकांना हा गावाकडच्या काकासारखा बोलणारा माणूस सबवे आणि पोलीस यांच्यावर गाताना ऐकून काय वाटलं असेल, याचा विचार करा. विली कोलोनचा बाज शहरातला, याचा हेल खेड्यातला. त्या जोडीचं मर्म यातच आहे असं मला वाटतं.

१९७० च्या सुमाराला दोघांनी नाताळच्या गाण्यांची 'असाल्तो नाविदेन्यो' काढली. असाल्तो म्हणजे हल्ला. नाताळात रात्री-अपरात्री मित्रांच्या दाराशी जाऊन गाणी म्हणत त्यांना उठवायचं आणि मग त्यांनाही बरोबर घेऊन पुढच्या घरी जायचं, अशी तिथली रीत आहे. योमो तोरोने त्यात 'क्वात्रो' वाजवलं, म्हणजे दहा तारांचं छोटं गिटारसारखं वाद्य, हीबारोंचं. तोवर शहरी पोरांना ते म्हाताऱ्यांचं वाद्य वाटायचं. आजही डिसेंबरात ही तबकडी घरोघर लागते.

सातवा_मजला

लेख आवडला पण थोडी असहमती. गळ्याबद्दल लिहा म्हणता ते ठीक. पण ज्या माणसाचे कार्यक्रम दोन-दोन तास उशिरा सुरू व्हायचे, त्याबद्दल न बोलणं म्हणजे चाहत्याने देव्हाऱ्यात बसवणं. तिकीट काढून आलेल्या लोकांचं काय? बँडमधल्या वादकांचं पोट त्याच्यावर होतं. 'लो मातो'नंतर कोलोन वेगळा झाला तो काही उगाच नाही.

माळरान

सातवा_मजला, मुद्दा रास्त आहे, टाळत नाही. हेरॉइनचं व्यसन त्याला साठच्या दशकाच्या शेवटीच लागलं होतं. कार्यक्रमाला उशीर, कधी गैरहजेरी. लोक त्याला 'वक्तशीरपणाचा राजा' म्हणायला लागले. तो मंचावर येऊन म्हणायचा की मी उशिरा आलो नाही, तुम्हीच लवकर आलात, आणि चिडलेली गर्दी हसायची. १९७३ नंतर कोलोनने बँड त्याच्या हवाली केला आणि स्वतः बाजूला झाला. पण नातं तोडलं नाही. पुढच्या 'ला बोस' (१९७५), 'दे ती देपेंदे' (१९७६), 'कोमेदिया' (१९७८) या तिन्ही तबकड्यांचा निर्माता कोलोनच. एखाद्याबरोबर रोज मंचावर उभं राहणं अशक्य झालं तरी त्याच्या आवाजाची काळजी घेत राहता येते, हे मला फार मोठं वाटतं.

केतकीचं_बन

मी काल 'पेरियोदिको दे आयेर' ऐकलं, भाषांतर समोर ठेवून. कालचं वर्तमानपत्र! प्रेमाला म्हणतोय की सकाळी तू खळबळजनक बातमी होतीस, दुपारी ती सगळ्यांना कळलेली होती आणि संध्याकाळी कोणालाच नकोशी. काय कल्पना आहे. आणि राग नाही आवाजात, गंमत आहे. कोणी लिहिलंय?

माळरान

केतकीचं_बन, तीते कुरेत अलोन्सो. पोर्तो रिकोच्या टपाल खात्यात नोकरी करत त्याने शेकडो गाणी लिहिली, साल्सातल्या जवळजवळ प्रत्येक मोठ्या गायकासाठी. नंतर हक्कांच्या भांडणात त्याची गाणी पोर्तो रिकोच्या रेडिओवर कित्येक वर्षं वाजेनाशी झाली. २००३ मध्ये तो गेला तेव्हाही ते मिटलेलं नव्हतं. ज्या गाण्यात कालच्या बातमीला कोणी विचारत नाही त्याच्याच कवीची ही गत व्हावी, हे मला अजून टोचतं.

गाण्याच्या शेवटाकडे एक्तोरचे सोनेओ नीट ऐका. व्हायोलिन थांबतात आणि तो नुसता बोलतोय असं वाटतं, तिथे.

पुणेरी_पावलं

'एल कांतांते', म्हणजे 'गायक', या गाण्याबद्दल कोणीच लिहिलं नाही म्हणून मी लिहितो. १९७८, 'कोमेदिया'तलं. शब्द पनामाच्या रुबेन ब्लेड्सचे. ब्लेड्स फानियात आला तो कंपनीच्या टपालखोलीत काम करायला (टपालवाल्यांनी साल्सा तारला म्हणायचं!). गाणं त्याने स्वतःसाठी लिहिलं होतं, कोलोनने ते एक्तोरला द्यायला लावलं. दहा मिनिटांवर आहे. गायक म्हणतो, तुम्ही पैसे देऊन मला ऐकायला आलात, पण मी हसतो की रडतो, मला काय सोसावं लागतं, हे कोणी विचारत नाही. आमच्या सरांनी एकदा क्लास संपल्यावर दिवे मंद करून लावलं होतं. कोणी नाचलं नाही.

माळरान

आणि त्या गाण्यातही मोंतुनो आला की तो कुढत बसत नाही. सोनेरोंच्या जुन्या पिढीची आठवण काढतो, उसळतो. आपण शब्दांवरून त्याला दुःखी गायक ठरवतो, गळा मात्र वेगळंच सांगतो.

२००६ मध्ये त्याच्यावर याच नावाचा चित्रपट आला, मार्क अँथनीने त्याचं काम केलं. कोलोनने नंतर उघड नाराजी व्यक्त केली की सगळा भर व्यसनावर दिला, झुंज राहूनच गेली. मलाही तसंच वाटलं.

निळी_शाई

शेवट कसा झाला हे लिहाल का? अर्धवट सोडू नका.

माळरान

लिहितो, थोडक्यात. १९८७ मध्ये क्वीन्समधल्या घराला आग लागली, त्यात तो जखमी झाला. त्याच वर्षी सतरा वर्षांचा मुलगा मित्राच्या हातून चुकून गोळी सुटून गेला. १९८८ च्या जूनमध्ये पोर्तो रिकोत बायामोनचा कार्यक्रम तिकिटं खपली नाहीत म्हणून रद्द झाला. दुसऱ्या दिवशी, २६ जूनला, सान हुआनमधल्या हॉटेलच्या नवव्या मजल्यावरून तो खाली पडला. उडी मारली असंच बहुतेक मानतात. जगला, पण शरीर मोडलं. एचआयव्हीची लागण झालेली होतीच. १९९० मध्ये न्यू जर्सीच्या मेडोलँड्सला फानियाच्या सगळ्या जुन्या मंडळींबरोबर त्याला मंचावर आणलं. 'मी हेन्ते', 'माझी माणसं', हे पाचेकोने त्याच्यासाठी लिहिलेलं गाणं. १९७४ मध्ये आफ्रिकेत किन्शासाला, अली-फोरमन मुष्टियुद्धाच्या लढतीच्या निमित्ताने झालेल्या महोत्सवात, हेच गाणं त्याने स्टेडियमभर लोकांकडून म्हणवून घेतलं होतं. मेडोलँड्सला त्याला ते धड गाता आलं नाही.

२९ जून १९९३ ला न्यूयॉर्कमध्ये गेला. वय ४६. ब्राँक्समध्ये अंत्ययात्रेला लोक गात चालले होते. २००२ मध्ये त्याला, मुलाला आणि त्याच वर्षी गेलेल्या बायकोला पोन्सेला नेऊन शेजारी-शेजारी दफन केलं.

दर्यावर्दी

मी रत्नागिरीचा, मर्चंट नेव्हीत होतो. धागा उशिरा पाहिला. पेरूचं कायाओ बंदर माझ्या माहितीचं. पहिल्यांदा उतरलो तेव्हा गोदीबाहेरच्या वस्तीत एका भिंतीवर चष्मेवाल्या माणसाचं हे मोठं चित्र पाहिलं. पुढच्या गल्लीत परत तोच. मला वाटलं कोणी पुढारी असेल. आमच्या एजंटचा ड्रायव्हर म्हणाला, पुढारी कसला, एक्तोर! १९८६ च्या ऑगस्टमध्ये लिमाच्या जत्रेत तो गायला होता. या ड्रायव्हरचे काका तिकडे गेले होते, त्या रात्रीबद्दल ते अजून बोलतात म्हणाला. एक्तोर पोर्तो रिकोचा, हे मी म्हटल्यावर त्याला पटलंच नाही. म्हणे जन्माला कुठेही येऊ दे, आहे तो कायाओचा. गाडीत कॅसेट होती, मला लिमाच्या विमानतळापर्यंत ऐकवत नेलं. भाषा कळत नव्हती. पण कोरस आला की तो स्टिअरिंगवर थाप मारायचा आणि मधल्या ओळीला आवाज वाढवायचा, ते लक्षात आहे.

माळरान

दर्यावर्दी काका, तुमच्या या एका प्रतिसादासाठी धागा काढल्याचं सार्थक झालं. कायाओच्या भिंतींबद्दल ऐकून होतो, आपल्यातल्या कोणी पाहिल्या असतील असं वाटलं नव्हतं.

टाळकरी

कालचं सांगतो. एकादशीचं भजन आटोपलं, चहा झाला, आणि मी मोबाईल पेटीवर ठेवून मंडळींना 'मी हेन्ते' लावलं. किन्शासाचं नव्हे, तबकडीवरचं. १, ४, ७, ११, १३ आधी सगळ्यांना पाठ करायला लावलं होतं. पहिल्या दोन वेळा कोणाचीच टाळी बरोबर पडेना. आमचे पखवाजवाले ऐंशीच्या घरातले. ते डोळे मिटून ऐकत होते. म्हणाले, उलटी धरा, आधी दोन मग तीन. धरली आणि बसली! मग तेच म्हणाले, परत लाव.

चौथ्या वेळेला मंडळी कोरस गुणगुणायला लागली, शब्द चुकीचे, सूर बरोबर. त्याची ओळ आली की सगळे गप्प. तसं कोणी सांगितलं नव्हतं.